हजारांच्या स्वयंपाकाला पदवीधर हवेत

मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रमात विवेकानंद जन्मोत्सवाची सांगता महाप्रसादाने होते. मोकळ्या रानात लाखाच्या घरात माणसं रांगा धरून बसतात आणि त्या रांगांमधून ट्रॅक्टर हळूहळू पुढे सरकतात. ट्रॉल्यांमध्ये पुऱ्या आणि वांग्याची भाजी, मागेपुढे बादल्या घेतलेले स्वयंसेवक. शुकदास महाराजांनी उभ्या केलेल्या या आश्रमाची पंगत जेवायला लोक येतात, तसे नुसते बघायलाही येतात. वाढप इतकं शिस्तीत उरकतं की लग्नातल्या पाचशे पानांना तसं जमत नाही.

त्याच बुलढाणा जिल्ह्यात, लोणार तालुक्यातल्या सोमठाणा गावात २० फेब्रुवारी २०२४ रोजी सप्ताह चालू होता. एकादशी होती, म्हणून भगर आणि आमटीचा प्रसाद केला होता. रात्री लोकांना उलट्या-जुलाब सुरू झाले. बायका, पोरं, म्हातारी माणसं धरून दोनशेहून अधिक जण आजारी पडले. बीबीच्या ग्रामीण रुग्णालयात खाटा पुरल्या नाहीत, तेव्हा बाहेर झाडांना दोऱ्या बांधून त्यांवर सलाईनच्या बाटल्या टांगल्या गेल्या आणि रोगी खाली जमिनीवर झोपले. ते दृश्य देशभरच्या वाहिन्यांनी दाखवलं. दोन-चार दिवसांनी विसरलंही.

श्रद्धा दोन्हीकडे सारखीच होती आणि राबणारे हातही तितकेच मनापासून राबत होते. बुलढाणा जिल्ह्याला हजारोंना जेवू घालायची जुनी सवय आहे. ते मोजूनमापून आणि कुणाला अपाय होऊ न देता कसं करायचं, याचं शास्त्रही आहे. त्या शास्त्राची महाविद्यालयात पदवी मिळते. पण जिल्ह्यातल्या बारावी झालेल्या पोरापोरींच्या यादीत ही पदवी नसते. ती असायला हवी आणि ती शिकवणारी जागा जिल्ह्यातच असायला हवी.

धाडचंच घ्या. बुलढाणा तालुक्याच्या टोकाला, जालना जिल्ह्याच्या हद्दीजवळचं हे घाटावरचं बाजारगाव. आसपास मका, सोयाबीन, कपाशी आणि मिरची. हद्दीपलीकडचं भोकरदन तालुक्यातलं पिंपळगाव रेणुकाई तर हिरव्या मिरचीच्या बाजारासाठीच ओळखलं जातं. इथला पोरगा बारावी झाला की घरात ठरलेली नावं निघतात: पोलीस भरती, फार्मसी, नर्सिंग, जमलं तर इंजिनिअरिंग, नाहीतर बी.ए. करत करत स्पर्धा परीक्षा. एखाद्याने हॉटेल मॅनेजमेंट म्हटलं की ओसरीवरून पहिला प्रश्न येतो, ‘म्हणजे पैसे भरून वेटर होणार काय रे?’ आणि पोरीने म्हटलं तर, ‘सैपाक तर घरीच शिकते तू, त्याला कॉलेज कायले?’

प्रश्न अगदीच खोटा नाही. या शिक्षणाची जी प्रतिमा गावापर्यंत पोहोचली आहे ती उंच पांढरी टोपी, काचेचे ग्लास आणि पंचतारांकित दिवाणखाना यांचीच आहे. धाडच्या माणसाचा त्या दिवाणखान्याशी संबंध काय? पण तोच माणूस आठवड्यातून किती वेळा सामुदायिक स्वयंपाकाशी संबंध ठेवून असतो ते पाहिलं, तर चित्र बदलतं. त्याची पोरं शाळेत खिचडी खातात. थोरला वसतिगृहाच्या मेसवर जेवतो. आई दवाखान्यात असली तर तिथलं जेवण. गावात सप्ताह, लग्नसराईत दिवसाआड पंगत, होळीला सैलानीची यात्रा आणि तिथे उभी राहणारी तात्पुरती हॉटेलं. यातल्या एकाही स्वयंपाकघरावर या विषयात शिकलेला माणूस नेमलेला असतो असं सहसा दिसत नाही.

हे असं का झालं, याचं उत्तर थेट दादरला सापडतं. मुंबईत वीर सावरकर मार्गावर जी संस्था जुन्या पिढीला ‘दादर केटरिंग कॉलेज’ म्हणून ठाऊक आहे, ती १९५४ साली सुरू झाली. देशातली ही या प्रकारची पहिली संस्था. ती काढली अखिल भारतीय महिला मध्यवर्ती अन्न परिषदेने आणि त्यामागे होत्या लीलावती मुन्शी. तो काळ पर्यटनाचा नव्हता, रेशनचा होता. धान्य अपुरं होतं. लीलावतीबाईंचे पती कन्हैयालाल मुन्शी १९५० ते १९५२ या काळात केंद्रात अन्न आणि शेती खात्याचे मंत्री होते. तांदूळ-गव्हाला पर्याय काय, थोड्या पैशांत पोटभर आणि सकस जेवण पुष्कळ लोकांना कसं देता येईल, या विवंचनेतून ही शाळा जन्मली. तिच्या पूर्ण नावात आजही हॉटेल मॅनेजमेंट आणि केटरिंग टेक्नॉलॉजी यांच्या जोडीला ‘अप्लाइड न्यूट्रिशन’, म्हणजे उपयोजित पोषणशास्त्र आहे.

पुढे देशात अशा संस्था वाढल्या. त्या शेती मंत्रालयाच्या अन्न विभागाकडे होत्या. १९८२ साली त्या पर्यटन खात्याकडे गेल्या आणि त्याच वर्षी त्यांच्यासाठी राष्ट्रीय परिषद स्थापन झाली. कागदावर हा एक खातेबदल. पण अन्न खात्याला भुकेलेला माणूस दिसतो आणि पर्यटन खात्याला पाहुणा. अभ्यासक्रम पाहुण्याच्या बाजूला सरकला. स्वागतकक्ष, खोल्यांची निगा, मद्यसेवा, फ्रेंच नावांची सूप हे सगळं आलं. पोषण नावापुरतं राहिलं.

दुसरीकडे गृहविज्ञान म्हणजे होम सायन्स. एसएनडीटी विद्यापीठात, निर्मला निकेतनमध्ये, परभणीच्या कृषी विद्यापीठात ते शिकवलं जातं. मोठ्या प्रमाणावरचा स्वयंपाक, आहारशास्त्र, वसतिगृह आणि रुग्णालयाच्या स्वयंपाकघराची आखणी हे विषय तिथे टिकून राहिले. पण त्या शाखेवर ‘लग्नाआधी मुलींनी करायचा कोर्स’ असा शिक्का बसला आणि पुरुष त्या दारात उभेच राहिले नाहीत. एकाच शास्त्राचे असे दोन तुकडे झाले. पैसा आणि झगमगाट हॉटेलवाल्यांकडे गेला, पोषणाची जाण गृहविज्ञानाकडे राहिली. शाळेची खिचडी, दवाखान्याचं जेवण आणि सप्ताहाची पंगत दोघांच्याही हाती लागली नाही. तमिळनाडूत, कोइम्बतूरच्या अविनाशिलिंगम संस्थेने मात्र हे तुकडे जोडून खाद्यसेवा व्यवस्थापन आणि आहारशास्त्र यांचा एकत्र अभ्यासक्रम चालवला आहे. महाराष्ट्राने तिकडे पाहायला हरकत नव्हती.

आता या पदवीत शिकायचं तरी काय असतं? स्वयंपाक हा त्यातला एक भाग, आणि खरं सांगायचं तर सोपा भाग. घरातली चार माणसांची डाळ दहा मिनिटांत निवते. शंभर लिटरच्या पातेल्यातली डाळ तासन् तास कोमट राहते, आणि ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात. मोठ्या पातेल्याच्या तळाशी हवा पोहोचत नाही. तिथे क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स नावाचा जंतू आरामात वाढतो. भाताचं दुखणं वेगळं. बॅसिलस सेरियस या जंतूचे बीजाणू उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत. भात शिजून ढीग घालून ठेवला की त्यांना जाग येते, ते विष तयार करतात आणि उलटी घडवणारं ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. म्हणून ‘परत एकदा उकळी आणली की झालं’ हा आपल्याकडचा पक्का समज धोक्याचा आहे. उपाय साधे आहेत. पसरट परातीत अन्न निववायचं, मोठ्या पातेल्याऐवजी लहान भांड्यांत भरायचं, गरम ठेवायचं तर ६० अंशांच्या वरच ठेवायचं आणि थर्मामीटर वापरायचा. शंभर-दोनशे रुपयांचा थर्मामीटर. तो लाखभराचा मंडप घालणाऱ्या पंगतीतही दिसत नाही.

भगरीचंही तसंच. उपवासाच्या दिवसांत भगरीने विषबाधा झाल्याच्या बातम्या महाराष्ट्राच्या कुठल्या ना कुठल्या जिल्ह्यातून येत असतात. अन्न व औषध प्रशासन दर वर्षी सांगतं की भगरीला दमट हवेत बुरशी लागते, सुटी भगर किंवा भगरीचं पीठ घेऊ नका, कोरड्या जागी ठेवा, पाकिटावरची तारीख बघा. सूचना निघते, वर्तमानपत्रात आतल्या पानावर छापून येते आणि सप्ताहाचा किराणा नेहमीच्याच दुकानातून नेहमीसारखाच येतो. शिकलेला माणूस इथे एक प्रश्न विचारतो: हा माल कुठून आला, कधी आला आणि किती दिवस कुठल्या खोलीत पडून आहे? मालाची नोंदवही ठेवणं, आधी आलेला माल आधी वापरणं, या गोष्टी पहिल्याच वर्षात शिकवल्या जातात. धोका नेमक्या कुठल्या टप्प्यावर शिरतो ते आधीच हेरून तिथे पहारा बसवायची पद्धत १९६० च्या दशकात अमेरिकेत अंतराळवीरांच्या जेवणासाठी तयार झाली. अंतराळात जुलाब परवडत नाहीत. बीबीलाही परवडत नाहीत.

यानंतर येतो हिशेब, आणि खरी परीक्षा तिथेच असते. शिवभोजन थाळी २६ जानेवारी २०२० पासून सुरू झाली. दोन चपात्या, शंभर ग्रॅम भाजी, दीडशे ग्रॅम भात, शंभर ग्रॅम वरण. ग्राहक देतो दहा रुपये. ग्रामीण भागात सरकार वर पंचवीस घालतं, शहरात चाळीस. म्हणजे गावातल्या केंद्रचालकाने पस्तीस रुपयांत किराणा, गॅस, मजुरी, भाडं सगळं बसवायचं. आता वाढणाऱ्याचा डाव जरा मोठा असला आणि शंभराऐवजी सव्वाशे ग्रॅम भाजी पडू लागली, तर रोजच्या शंभर थाळ्यांमागे अडीच किलो भाजी जास्त जाते. महिन्याला पाऊण क्विंटल. चालकाला कळत नाही की धंदा तोट्यात का चालला आहे. तो डाळीत पाणी वाढवतो. गिऱ्हाईक म्हणतं, सरकारी जेवण असंच असतं. मापाचा डाव आणि लिहून ठेवलेली पाककृती एवढ्या दोन गोष्टींनी वरण घट्ट राहिलं असतं.

शाळेच्या पोषण आहारातही सगळं मापाचंच आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला शंभर ग्रॅम धान्य, ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं; सहावी ते आठवीच्या मुलाला दीडशे ग्रॅम, ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं. हे आकडे कागदावर आहेत आणि ते प्रत्यक्षात उतरवायची जबाबदारी आहे स्वयंपाकी ताईंवर. त्यांचं मानधन दरमहा दीड हजार होतं, ते २०२३ मध्ये अडीच हजार झालं. रोजचे शंभर रुपयेही पडत नाहीत. बारा ग्रॅम प्रथिनं म्हणजे किती डाळ, आणि आज डाळ कमी आली तर त्याऐवजी काय घालायचं, हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. मुख्याध्यापकांनाही शिकवलेलं नसतं. ते बिचारे गणित शिकवायला आलेले असतात आणि तांदळाची पोती मोजत बसतात. दहा-बारा शाळांच्या गटावर एक प्रशिक्षित खाद्यसेवा व्यवस्थापक नेमला, तर ताईंचं काम सोपं होईल आणि गुरुजी वर्गात परततील.

मोठं यंत्र आणलं की प्रश्न सुटतो, असाही एक समज आहे. आदिवासी विकास विभागाने टाटा ट्रस्टच्या मदतीने नाशिक जिल्ह्यात मुंढेगावला आणि पालघर जिल्ह्यात कांबळगावला आश्रमशाळांसाठी मध्यवर्ती स्वयंपाकघरं उभी केली. वाफेवर शिजवायची मोठी भांडी, चकचकीत पोलाद. कल्पना चांगलीच होती. पण ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरच्या आश्रमशाळांतली अनेक मुलं मध्यवर्ती स्वयंपाकघरातून आलेलं जेवण जेवल्यावर आजारी पडली. अन्न शिजण्यापासून ते मुलाच्या ताटात पडेपर्यंत किती तास जातात आणि त्या तासांत डब्यातलं तापमान किती असतं, हा अशा योजनेचा कणा. तो सांभाळणारी शिकलेली माणसं प्रत्येक टप्प्यावर लागतात, स्वयंपाकघरातही आणि शेवटच्या शाळेतही.

यंत्र आणि माणूस दोन्ही नीट असले की काय होतं, ते शिर्डीत दिसतं. साईबाबा संस्थानच्या प्रसादालयाच्या छतावर २००९ साली ७३ सौर आरसे बसवले गेले. त्यांच्यावर तयार होणाऱ्या वाफेवर रोजच्या हजारो भाविकांचा स्वयंपाक होतो. आणि शेगाव तर आपल्या घरचंच. गजानन महाराज संस्थानची स्वच्छता, रांगा, महाप्रसाद आणि पाळीपाळीने सेवेला येणारे हजारो सेवाधारी यांचं कौतुक आता राज्याला नवं राहिलेलं नाही. आषाढीसाठी सुमारे सातशे वारकरी घेऊन शेगावची पालखी पंढरपूरला पायी निघते, महिनाभर रोज नव्या गावी मुक्काम, आणि तरी जेवणाची वेळ चुकत नाही. चालत्या स्वयंपाकाचं एवढं मोठं उदाहरण कुठल्या पाठ्यपुस्तकात सापडायचं? गंमत अशी की ते एखाद्या पाठ्यपुस्तकात असायला हवं होतं. शेगावला संस्थानचं अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून आहे आणि चांगलं आहे. ज्या विषयात संस्थानचा हात कुणी धरणार नाही, त्याचं शिक्षण मात्र सेवेला आलेला सेवाधारी पाहून पाहून घेतो आणि घरी घेऊन जातो.

इथे कुणीतरी म्हणेलच की शिवशंकरभाऊ पाटलांनी संस्थान नावारूपाला आणलं ते कुठल्या केटरिंगच्या पदवीवर? ४ ऑगस्ट २०२१ रोजी भाऊ गेले तेव्हा व्यवस्थापनाच्या प्राध्यापकांनीही त्यांच्यावर लेख लिहिले. आक्षेप बिनतोड वाटतो. पण एक भाऊ एका संस्थानाला मिळाले आणि तेही पाच-सहा दशकं तिथेच राबले. जिल्ह्यातल्या शेकडो स्वयंपाकघरांना तसा एकेक माणूस मिळायची वाट पाहायची की साधारण बुद्धीच्या, मेहनती पोराला चार वर्षांत तयार करायचं? प्रत्येक गावात धन्वंतरी जन्मत नाही, म्हणून तर एम.बी.बी.एस. आहे.

गावच्या आचाऱ्याचंही तेच. त्याच्या डोळ्यांत तराजू असतो. अमुक घरचं लग्न, उन्हाळा, दुपारची पंगत, मग भात किती लागेल हे तो चुलीपाशी उभा राहून सांगतो आणि बहुधा बरोबर सांगतो. पण हे सगळं त्याच्या डोक्यात असतं. तो थकला की त्याच्याबरोबर संपतं. पोरगा म्हणतो, ‘मी नाही झारा धरणार’, आणि त्याचं बरोबरच आहे, कारण त्या झाऱ्याला मान नाही, विमा नाही, पेन्शन नाही. आचाऱ्याचं ज्ञान लिहून घेणं, त्याला अनुभवावर प्रमाणपत्र देणं आणि महाविद्यालयात मानधनावर शिकवायला बोलावणं हे पदवीच्या अभ्यासक्रमातच बसवता येतं. पाचशे माणसांची वरण-बट्टी कशी सांभाळायची हे त्याच्याइतकं कुठला प्राध्यापक सांगणार?

बायकांच्या बाबतीत हा धडा महाराष्ट्राने एकदा गिरवलेला आहे. गिरणगावात खोलीत पंधरा-वीस गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या सावकाराच्या व्याजात बुडालेल्या होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. ज्या बाईला जग ‘खाणावळवाली’ म्हणून ओळखत होतं, ती बँकेच्या खातेवहीत उद्योजक झाली. पुढे मंडळाने केटरिंगही चालवलं. स्वयंपाक तोच राहिला. त्याला हिशेबाची आणि कागदाची जोड मिळाली, तेव्हा घरात तिच्या शब्दाला वजन आलं.

नासाडीबद्दलही बोललं पाहिजे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं २८ टक्के हॉटेलं, मेस, खाणावळी अशा खाद्यसेवेतून गेलं. लग्नाच्या मांडवामागे उष्ट्याचा ड्रम पाहिलेल्याला हा आकडा वेगळा समजावून सांगावा लागत नाही. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी शेगावात गजानन महाराज पहिल्यांदा लोकांना दिसले, ते एका घराबाहेर टाकलेल्या उष्ट्या पत्रावळींवरची शितं वेचून खाताना. त्या महाराजांच्या जिल्ह्यात बुफेमध्ये सतरा पदार्थ मांडून निम्मे टाकून दिले जातात, हे जरा विचित्रच. किती माणसं येतील, किती खातील आणि उरलेलं दोन तासांच्या आत सुरक्षितपणे कुठे पोहोचवायचं, हे ठरवणं हा व्यवस्थापनाचाच भाग आहे.

आता सध्याची वाट. सरकारी राष्ट्रीय परिषदेच्या संस्थांत बी.एस्सी. हॉस्पिटॅलिटी अँड हॉटेल अ‍ॅडमिनिस्ट्रेशन ही तीन वर्षांची पदवी आहे. त्यासाठी एनसीएचएम जेईई ही परीक्षा. राज्यात चार वर्षांची बी.एच.एम.सी.टी. आहे, त्यासाठी राज्य सीईटी कक्षाची परीक्षा. दोन्हींना बारावी कुठल्याही शाखेची चालते, पहिलीला इंग्रजी विषय असला पाहिजे. पुण्यात शिवाजीनगरला राज्य सरकारची संस्था आहे. छत्रपती संभाजीनगरात ताज समूहाच्या सहकार्याने रफिक झकेरियांनी उभी केलेली संस्था इंग्लंडच्या हडर्सफील्ड विद्यापीठाची पदवी देत आली आहे. धाडहून संभाजीनगर शंभर-सव्वाशे किलोमीटर. एस.टी.ने जाता येतं, पण खासगी संस्थांची फी मक्याच्या भावावर जगणाऱ्या घराला मोजता येत नाही.

मुलींसाठी मात्र दार थोडं उघडलं आहे, आणि ही गोष्ट गावात फारशी कुणाला ठाऊक नाही. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना केंद्रीभूत प्रवेशातून मिळणाऱ्या व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. अनुसूचित जाती-जमातींसाठीच्या सवलती आधीपासून आहेत. खर्च उरतो तो राहण्याजेवणाचा, गणवेशाचा आणि सुऱ्यांच्या पेटीचा.

आणि नोकरीचं कटू वास्तवही लपवू नये. हॉटेलातली पहिली दोन-तीन वर्षं दमवणारी असतात. बारा-बारा तासांची पाळी, सणावाराला सुट्टी नाही, पगार बेताचा. बरीच पोरं मध्येच सोडतात. रुग्णालयं, वसतिगृहं, कारखान्यांची कँटीन आणि शाळा यांच्या कामाला झगमगाट नाही, पण वेळा बांधलेल्या असतात आणि माणूस संध्याकाळी घरी जातो. अडचण एवढीच की सरकार या जागा निर्माणच करत नाही. मेसचं कंत्राट सगळ्यात कमी बोली लावणाऱ्याला जातं आणि कंत्राटदाराकडे एकतरी प्रशिक्षित माणूस असावा ही अट असली तरी ती तपासत कोण बसतो? पाचशेपेक्षा जास्त माणसांचं रोज जेवण करणाऱ्या प्रत्येक सरकारी किंवा अनुदानित स्वयंपाकघरावर एक पदवीधर व्यवस्थापक बंधनकारक केला, तर या पदवीला आपोआप भाव येईल. नुसतं ‘कौशल्य विकास’ म्हणत राहून तो येणार नाही.

दुसरी गोष्ट संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाने करायची आहे. ज्या बाबांनी भुकेल्याला अन्न हे आपल्या शिकवणीत पहिल्या स्थानी ठेवलं, त्यांच्या नावाच्या विद्यापीठाला हा विषय परका नसावा. राष्ट्रीय शिक्षण धोरणाने एक वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडायची सोय केली आहे. या रचनेत शाळेत खिचडी शिजवणाऱ्या ताईलाही एक वर्ष शिकता येईल आणि तिच्या लेकीला पूर्ण पदवी. पहिल्या वर्षी जंतू, तापमान, हिशेब आणि पोषण. पुढे शेगावच्या महाप्रसादात, जिल्हा रुग्णालयात आणि एखाद्या वसतिगृहात प्रत्येकी काही महिने प्रत्यक्ष काम. मद्यसेवेचा तास वगळला तरी चालेल. अभ्यासक्रम मराठीत असला पाहिजे, कारण ज्यांच्यावर देखरेख करायची ते इंग्रजीत स्वयंपाक करत नाहीत.

विद्यापीठ हलेल तेव्हा हलेल. तोवर धाड, रायपूर, चिखलीकडच्या ज्या घरात बारावीचं पोर आहे, त्यांनी या पदवीचा अर्ज निदान भरून ठेवावा आणि महाविद्यालय निवडताना इमारतीचा फोटो पाहून भुलू नये. आठवड्यात प्रत्यक्ष स्वयंपाकघराचे तास किती, विद्यार्थी एका वेळी किती माणसांचा स्वयंपाक करतात, प्रशिक्षणाला कुठे पाठवतात आणि तिथे पैसे मिळतात की उलटे मागतात, मागच्या तुकडीतली पोरं आज कुठे आहेत, हे चार प्रश्न विचारावेत. उत्तर देताना जो टाळाटाळ करेल, त्याच्याकडे फी भरू नये.